भिंतीला लागलेलं जहाज

माणसाने खोली भाड्याने द्यावी, तट्टू द्यावं, फारच अडलं तर स्वतःचा काळा कोट एखाद्या शेजाऱ्याला अंत्यविधीपुरता द्यावा. पण भिंत कुणाला देऊ नये. खोलीतला भाडेकरू निदान दिवा मालवून झोपतो. भिंतीवरचा भाडेकरू कायम जागा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला आपलं नाव ओरडून सांगत असतो.

आमचं घर रांगेतलं शेवटचं. त्याची बगलेची भिंत रेल्वेच्या रुळांकडे तोंड करून उभी आहे. हॉलिंगफर्ड स्टेशन सोडलं की रूळ नेमके तिथेच वळतात, त्यामुळे जाणारी असो की येणारी असो, प्रत्येक गाडी आमच्यापाशी दम खाते. या भिंतीचा मला इतकी वर्षं एकच उपयोग माहीत होता: इंजिनाचा धूर तिच्यावर बसायचा आणि तेवढा घरात कमी यायचा. ती देखणी आहे हे मला क्रिम्प नावाच्या गृहस्थाने सांगितलं. क्रिम्प जाहिरातींना जागा मिळवून देणारा दलाल. फाटकातून आत येताना त्याने हॅट काढली ती आधी भिंतीसाठी आणि मग माझ्यासाठी.

"मिस्टर टिडमार्श, अहो, असली भिंत घेऊन तुम्ही नुसते बसून आहात? घरात अशी देखणी मुलगी असती तर तिला असं कोपऱ्यात ठेवलं असतंत का?"

"मला मुलगी नाही," मी म्हणालो.

त्याने पेटीतून चित्रं काढून आमच्या टेबलावर पसरली. मोहरीची पूड होती, कोको होता, कस्टर्डची भुकटी होती, बिस्किटं होती. मांसाच्या अर्काच्या चित्रात एक धष्टपुष्ट बैल स्वतःच्याच अर्काची बाटली पाहून समाधानाने हसत होता. मी कोकोच्या बाजूने झुकत होतो. कोको घरंदाज वाटतो. त्यात कपाला फुंकर घालणारी आजीबाई असते, तिच्यावर शेजारी काय बोलणार? तेवढ्यात माझी बायको लेटी हातातली इस्त्री तशीच घेऊन आत आली आणि पेटीच्या तळाशी राहिलेल्या एका चित्रावर तिने बोट ठेवलं.

"हे काय?"

"ते होय?" क्रिम्प जरा नाखुशीनेच म्हणाला. "सेराफिना जहाज. नॉर्वेची समुद्रसफर. पण कंपनी नवी आहे, रोख काही देत नाही. चित्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंतीवर नीट राहिलं, तर नवरा-बायकोला जहाजावर दोन जागा. फुकट."

"हेच हवं," लेटी म्हणाली आणि इस्त्री थंड होईल म्हणून परत गेली.

आता हे सांगायला हवं की लेटीने समुद्र पाहिलेला नाही. हॉलिंगफर्ड आमच्या देशाच्या अगदी बेंबीत आहे. बेटावर राहून समुद्रापासून याहून लांब जाता येत नाही. जायला गेलं तर तो दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागतो. आमच्या फडताळाच्या दाराला आतून लेटीने वर्तमानपत्रांतून कापलेल्या आगबोटी चिकटवल्या आहेत, आणि लोण्याचं भांडं काढायला गेलेली ही बाई कधीकधी परत यायचंच विसरते. मी स्वतः पाणीपुरवठा कचेरीत दुय्यम कारकून. पाण्याशी माझा संबंध नळापर्यंत. त्यापुढच्या पाण्याची मला ओढ नाही. पण त्या संध्याकाळी लेटी म्हणाली, "अहो, मला एकदा समुद्र बघायचाय. एकदाच," आणि तिचा आवाज असा काही आला की मी क्रिम्पच्या कागदावर सही केली.

बातमी गल्लीत पसरली आणि उंटावरचे शहाणे एकेक करून आमच्या दारी उतरू लागले. शेजारचे पॉकनेल पियानो लावायचं काम करायचे, आता निवृत्त आहेत आणि फक्त शेजाऱ्यांना सुरात लावतात. "भिंत तुमची असेल टिडमार्श, पण तिच्या आधाराने माझंही घर उभं आहे," ते म्हणाले. "मला विचारलं असतंत तर मोहरी घ्या म्हटलं असतं. मोहरीवाले घरभर मोहरी देतात. जहाजवाले काय देणार? ओकारी."

समोरच्या मिसेस गजन चॅपेलच्या प्रार्थनासभांच्या कामात पुढे असतात. त्यांना जहाज चालणार होतं, डेकवरच्या बायका चालणार नव्हत्या, कारण वाऱ्याने त्यांचे झगे हलून घोटे दिसत होते. "समुद्रावर वारा असतोच, मिसेस गजन," मी म्हणालो. "समुद्रावर असू दे," त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत नसतो." शेवटी वारा कमी करायचं ठरलं. पण वारा नसला तर जहाजाचा झेंडा कसा फडकणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

मग आमच्या घराखालच्या जमिनीच्या मालकांचा वकील आला. आमच्या करारात घरात कोणताही धंदा करू नये असं कलम आहे. जहाज हा धंदा आहे का, आणि असला तर भिंतीच्या बाहेरच्या अंगावर केलेला धंदा घरात केला असं होतं का, यावर त्याने आमच्या बैठकीत बसून अख्खा केक संपवला. त्याचं म्हणणं असं पडलं की भिंतीची आतली बाजू माझी, बाहेरची मालकांची, आणि मधल्या विटांबद्दल कायदा अजून पुरेसा स्पष्ट नाही. मालकांच्या घराण्याचं चिन्ह जहाजाच्या झेंड्यावर काढल्यावर कायदा स्पष्ट झाला.

रंगारी जेथ्रो स्लॅन परांची बांधून चढला तेव्हा मला वाटलं, सुटलो. स्लॅन आमच्या गावातल्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवतो. त्याचे सिंह चांगले असतात, राजे बरे असतात. समुद्र त्यानेही पाहिलेला नव्हता. तेव्हा ज्याने समुद्र पाहिला नाही त्याने, जिने समुद्र पाहिला नाही तिच्या देखरेखीखाली, ज्याने समुद्र पाहिला नाही अशा गावात समुद्र रंगवला. त्याच्या लाटा नांगरलेल्या शेतासारख्या सरळ रेषेत आल्या. "यात बटाटे कधी लावणार?" पॉकनेलनी खालून विचारलं. कप्तानाचा चेहरा हुबेहूब स्टेशनसमोरच्या गुत्त्यावरच्या राजासारखा झाला, कारण स्लॅनला दाढीवाला चेहरा एकच येतो.

जहाजाच्या मधोमध जिन्याच्या वळणावरची आमची खिडकी आली. "बाई, ही खिडकी माझ्या जहाजाला भोक पाडतेय," स्लॅनने तक्रार केली.

"मग ते जहाजाचंच भोक असू दे," लेटी म्हणाली. स्लॅनने खिडकीभोवती पितळी कडं रंगवलं, कोपरे काळे केले, आणि लांबून बघितलं तर ती जहाजाची गोल खिडकी दिसू लागली.

जहाज पुरं झालं त्या दुपारी लेटीने पिसाची हॅट घातली आणि ती जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसली. गाडी आली, वळणावर मंदावली. लेटीने हात हलवला. पहिल्या डब्यातल्या कुणीतरी दचकून बघितलं, दुसऱ्यातल्या मुलांनी रुमाल हलवले, आणि शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी आमच्या घराला निरोप देत होती. त्या दिवसापासून तो नेमच पडला. गाडीची चाहूल लागली की लेटी पीठ मळत असली तर तशीच हात पुसत उठायची, हॅट चढवायची आणि सफरीला निघायची.

माझ्या अब्रूचं काय झालं हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. कचेरीत मला "कप्तान" म्हणू लागले. साहेबांनी एकदा गंभीरपणे विचारलं की नॉर्वेत कधी पोचता. गाडीतले लोक लेटीला बघायला इतके बाहेर वाकायचे की त्यांच्या हॅटी उडून आमच्या कोबीच्या वाफ्यात पडायच्या. त्या मी कुंपणावर ओळीने अडकवून ठेवत असे, म्हणजे ज्याची त्याला ओळखू यावी. मिसेस गजन म्हणाल्या की आमचं घर दरोडेखोरांच्या टोळीचं वाटतं. त्यात सेराफिनाच्या कंपनीला पैशांची चणचण भासली आणि तिने चित्रातल्या डेकचा अर्धा भाग मांसाच्या अर्कवाल्यांना परस्पर भाड्याने दिला. एका सोमवारी मी कचेरीतून परतलो तर तो हसरा बैल कप्तानाशेजारी उभा. स्लॅनने त्याला शक्य तितका प्रवाशासारखा काढला होता, पण बैल तो बैलच. "सफर माणसांची आहे की गुरांची?" पॉकनेलनी विचारलं. मी कुंपणावरची एक हॅट घालून घरात गेलो.

पण खरं सांगायचं तर मला ते सगळं तितकंसं वाईट वाटत नव्हतं. नोव्हेंबरातली एक संध्याकाळ आठवते. धुकं दाटून आलं होतं. वर काही काम होतं म्हणून मी मेणबत्ती घेऊन जिना चढत होतो. घर चालवणाऱ्या माणसाला जिन्यात पुष्कळ कामं असतात. लेटी खिडकीत बसली होती. बाहेर गाडी थांबली होती आणि तिची वाफ आमच्या भिंतीवरून वर चढत होती, त्यामुळे रूळ नाही, कुंपण नाही, कोबी नाही, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात पिवळ्या खिडक्यांची एक रांग हळूहळू सरकू लागली. गाडी सरकतेय की आम्ही, हे मला कळेना. शप्पथ सांगतो, पायाखालचा जिना हलला. मी कठडा धरला. खाली स्वयंपाकघरात किटली घुमत होती, कुठूनतरी ओल्या दोरखंडांचा वास आल्यासारखं वाटलं, आणि हॉलिंगफर्ड, पाणीपुरवठा कचेरी, पॉकनेल, सगळं हलकेच मागे पडत गेलं.

"निघालो आपण," लेटी हळूच म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती असं मला वाटत नाही. मी मेणबत्ती हाताने झाकली आणि आलो तसाच खाली उतरलो.

मग दिवस लहान झाले आणि चहाच्या वेळीच अंधार पडू लागला. सेराफिनाच्या माहितीपत्रकात जहाजाच्या खोल्यांना लाल पडदे दाखवले होते. लेटीने लाल कापड आणून पडदा शिवला, खिडकीला लावला, आणि मागे दिवा ठेवून आपण गाडीला दिसावं म्हणून पडदा अर्धा सारून बसली. गाडी आली आणि किंचाळत, ठिणग्या उडवत आमच्या दाराशी उभी राहिली. तिच्या मागची गाडी तिच्या मागे उभी राहिली. इंजिनड्रायव्हर खाली उतरून आमच्या कोबीतून चालत आला. "कुणाचा अपघात झालाय?" त्याने विचारलं. लेटीने त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेचे इन्स्पेक्टर ब्रॅडॉक आले. "बाईसाहेब, लाल दिवा म्हणजे थांबा," ते म्हणाले. "काढा तो."

लेटीने पडदा हिरवा लावला. आता गाड्या थांबत नव्हत्या, पण गोगलगाईसारख्या सरपटत होत्या. क्रिम्प मुद्दाम येऊन खूश होऊन गेला. एवढा वेळ जाहिरात बघायला मिळणारी भिंत अख्ख्या देशात दुसरी नव्हती. पाठोपाठ ब्रॅडॉक आले. "आमच्या रेल्वेच्या नियमात हिरवा म्हणजे जपून चला. सगळं वेळापत्रक कोलमडलंय."

"मग पांढरा लावते," लेटी म्हणाली.

"पांढरा म्हणजे खुशाल जा," ब्रॅडॉक म्हणाले. "पुढे खरा सिग्नल लाल असताना एखादा तुमच्या पडद्याच्या भरवशावर गेला तर तुमचं जहाज राहील बाजूला आणि आमची गाडी बुडेल. तुमच्याकडे चौथा रंग आहे का?"

"रेल्वेकडे नाही का?" लेटीने विचारलं. ब्रॅडॉकनी हॅट घातली. भिंतीवर डांबर फासायचा हुकूम काढतो, असं ते फाटकाशी मला म्हणाले.

लेटीने दिवा विझवला आणि त्यानंतर संध्याकाळी ती अंधारातच बसू लागली. हात हलवायची, पण आता तो कुणाला दिसत नव्हता. ते बघून मला जे वाटलं ते मी कचेरीतल्या कुठल्या कागदात मांडू शकलो नसतो. मी रजा टाकली आणि काळा कोट घालून रेल्वेच्या मोठ्या कचेरीत गेलो.

तिथे एका लांबलचक बोळाच्या एका टोकाला सिग्नलखातं आहे आणि दुसऱ्या टोकाला वाहतूकखातं. सिग्नलचे साहेब म्हणाले, भिंत काळी झालीच पाहिजे. वाहतुकीचे साहेब म्हणाले, सेराफिनाच्या बंदरापर्यंतची तिकिटं आम्ही विकतो, भिंतीला हात लावून दाखवा. मी म्हटलं, आपण दोघं एकमेकांशी बोलून घ्या. तेव्हा कळलं की एका चहाच्या पार्टीपासून ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. मग पाणीपुरवठ्याचा दुय्यम कारकून ॲम्ब्रोझ टिडमार्श दिवसभर त्या बोळातून निरोप्यासारखा धावला. "त्यांना सांगा, बैल तरी काढा." "त्यांना सांगा, बैलाचे पैसे वेगळे आहेत." संध्याकाळी दोघांचा चेहरा सारखाच थकलेला दिसला आणि तोडगा निघाला. जहाज राहील, बैल राहील. खिडकीला बाहेरून झडप बसेल, ती कायमची बंद राहील, आणि खिडकीत जिवंत माणूस दिसता कामा नये.

मी घरी आलो तेव्हा लेटी बटाटे सोलत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे जहाज मिळेल ना?" तिने विचारलं.

"मिळेल."

ती बराच वेळ एकच बटाटा सोलत राहिली. "मग करा बंद," ती म्हणाली.

स्लॅन सकाळी झडप घेऊन आला. लेटीने त्याला सकाळची गाडी जाईपर्यंत थांबवलं. हॅट घालून बसली, शेवटच्या डब्यापर्यंत हात हलवला, आणि मग खुर्ची उचलून स्वतःच खाली घेऊन आली. त्या वसंतात आमचं घर पुन्हा नुसतं घर झालं. गाड्या यायच्या, दम खायच्या, जायच्या. लेटी मान वर करायची आणि पुन्हा पिठात हात घालायची. जिन्याचं वळण काळोखं झालं, मी तिथे अडखळू लागलो. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. जूनमध्ये क्रिम्पने जहाजाची दोन तिकिटं आणून दिली तेव्हा लेटीने ती हातात घेतली, वाचली, आणि फडताळाचं दार उघडून थोडा वेळ आगबोटींसमोर उभी राहिली.

निघालो त्या दिवशी सगळी गल्ली स्टेशनवर आली होती. लेटीने पिसाची हॅट जहाजासाठी जपून पेटीत ठेवली होती. मिसेस गजननी समुद्रावरच्या वाऱ्यासाठी लेटीला झग्याच्या घेरात शिवायला शिशाच्या गोळ्या दिल्या. पॉकनेलनी मला एक रिकामा डबा दिला आणि तो कशासाठी हे सांगितलं नाही. गाडीच्या आमच्या डब्यात आधीपासून दोघं होती: अंड्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी आणि बटणांच्या नमुन्यांची पेटी मांडीवर घेतलेला एक फिरता विक्रेता. गाडी सुटली तसा विक्रेता उठला.

"माफ करा बाईसाहेब, जरा खिडकीशी येऊ का? आता इथे एक जहाज लागतं."

"बैलवालं ना?" म्हातारीने विचारलं.

"तेच. पण मी काही बैलासाठी बघत नाही. तिथे एक बाई असायची. चित्रातली नव्हे, खरी. पिसाची हॅट घालून गोल खिडकीत बसायची, हात हलवायची. मी गावोगाव बटणं विकत फिरतो आजी, माझ्याकडे बघून हात हलवणारं माणूस या रस्त्यावर ते एकच. आता खिडकी बंद असते. आजारी पडली की काय, की त्याहून काही वाईट..."

"काहीतरीच काय बोलता," म्हातारी म्हणाली. "जहाजात बसली होती ना? मग पोचली असेल."

विक्रेत्याने यावर विचार केला. "तेही खरंच," तो म्हणाला. "पोचली असेल. टकलूही पोचला असेल मग."

"कोण टकलू?" लेटीने विचारलं. गाडी सुटल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"तिच्या मागे असायचा एक. हातात मेणबत्ती. आम्ही नेहमीचे लोक त्याला जहाजाचा आचारी म्हणायचो. आम्ही सगळे त्या बाईकडे बघायचो, बाई आमच्याकडे बघायची, आणि आचारी आपला बाईकडे. एकदासुद्धा गाडीकडे बघितलं असेल तर शपथ."

मी माझ्या टकलावरची हॅट कानापर्यंत ओढली. माणूस इतकी वर्षं कचेरीत इमानाने काम करतो ते काही आचारी म्हणवून घ्यायला नव्हे, आणि हे मी त्या गृहस्थाला ऐकवणारही होतो. पण तेवढ्यात गाडी मंदावली आणि आमची भिंत आली. सरळ लाटा, राजाच्या चेहऱ्याचा कप्तान, बैल, मधोमध बंद झडप. विक्रेत्याने हॅट काढली आणि भिंत जाईपर्यंत हातात धरली. लेटीने बसल्या जागी हात जरासा वर उचलला आणि बोटं हलवली. ती त्या खिडकीला हात करत होती की खिडकीतून, ते मला सांगता येणार नाही.

मग शेतं लागली. विक्रेता जागेवर बसला, म्हातारीने टोपली सारखी केली. लेटी खिडकीबाहेर बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही मागे असायचात?" तिने हळूच विचारलं.

"जिना माझाही आहे," मी म्हणालो. "मला वर काम असायचं."

"रोज?"

विक्रेता आमच्याकडे बघू लागला होता.

"रोज," मी म्हणालो, आणि हॅट काढून मांडीवर ठेवली.